बंद इंजिनाला आधी किक मारू नये

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत वैद्यकीय व्यवसाय केला, त्यांपैकी माझ्या पाहण्यातील बऱ्याच डॉक्टरांकडे दोन वस्तू हमखास असत. एक म्हणजे कातड्याची व्हिजिटची बॅग आणि दुसरी जावा मोटारसायकल. बॅग मुलानातवंडांनी कपाटावर जपून ठेवलेली आढळते. मोटारसायकलीच्या वाट्याला मात्र परसातील पत्र्याची शेड येते. तिच्यावर सरपण रचले जाते, मांजरी वितात, आणि कोणी चौकशी केलीच तर घरचे ठरावीक उत्तर देतात, "इंजिन जाम आहे." या तीन शब्दांत निदानही येऊन जाते आणि बहुधा शेवटही. प्रत्यक्षात 'जाम' हे लक्षण आहे, रोग नव्हे, एवढे तरी आपल्या व्यवसायातील मंडळींना वेगळे सांगायला नको.

जावा हे नाव मूळचे चेक. तिकडे त्याचा उच्चार 'यावा' असा होतो. प्राग येथे फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीची रचना विकत घेऊन उत्पादन सुरू केले आणि स्वतःच्या आडनावाची व वाँडररची पहिली दोन-दोन रोमन अक्षरे जोडून हे नाव बनविले. आपल्याकडे रुस्तम व फारोख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१ मध्ये जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सत्तरच्या दशकात 'जावा' हे नाव जाऊन 'येझदी' आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले खरे, पण त्या गाड्यांचे इंजिन चार ठोक्यांचे. जुन्या गाड्यांशी त्यांचे नाते नावाचे आणि रूपाचे.

ज्या इंजिनाविषयी लिहीत आहे ते जुन्या २५० सीसी घडणीचे, १९६८ सालचे. एकच सिलिंडर, त्याचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, पण धुराच्या नळ्या मात्र दोन. किक मारायची आणि गिअर बदलायची दांडी एकच. ती आत दाबून वर फिरवली की किक होते, खाली घेतली की गिअरची दांडी. गिअर बदलताना पायाच्या दाबानेच क्लच सुटतो, हाताने दाबला नाही तरी चालते. ही गाडी आमच्या एका ज्येष्ठ सहव्यवसायींची. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जिथे पावसाळ्यात चार महिने आभाळ खाली उतरलेले असते, तिथल्या बाळंतपणांना आणि तापाच्या रोग्यांना त्यांनी याच गाडीवरून गाठले. १९९४ नंतर गाडी शेडमध्ये उभी राहिली ती अण्णा गेल्यावरही तिथेच होती. २०२३ साली त्यांच्या नातवाने ती बाहेर ओढली. काकूंनी मला बोलावून घेतले आणि एकच अट घातली, "चालणार असेल तर ने. दिवाणखान्यात पुतळ्यासारखी उभी करायची असेल तर इथे शेडमध्येच बरी आहे."

अट दिसायला साधी, पण तिच्यामुळे कामाचे स्वरूप पार बदलले. जुन्या गाड्या 'नव्या' करून देणारे आज पुष्कळ आहेत. टाकीला रंग, चाकांना क्रोम, आसनाला नवे रेक्झिन एवढे झाले की छायाचित्र छान येते, आणि इंजिन न उघडताच आतल्या गंजासकट मिरवणुकीला निघते. माझे स्पष्ट मत आहे की हा प्रकार निरुपद्रवी नाही. दोन ठोक्यांच्या इंजिनात पिस्टन चालत्या गाडीत सिलिंडरला धरला तर मागचे चाक तत्क्षणी आवळले जाते. ताशी साठच्या वेगात याचा अर्थ काय होतो, हे अपघात विभागात रात्रपाळी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ही गाडी एकवीस वर्षांचा नातू चालवणार होता.

त्याची उत्सुकता स्वाभाविक होती. प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडायचे, टाकीत ताजे पेट्रोल घालायचे आणि दोघांनी ढकलायला लागायचे, असा त्याचा बेत होता. बहुतेक ठिकाणी हेच होते आणि वर्षानुवर्षे टिकलेले इंजिन त्या पाच मिनिटांत मोडते. कारण असे की या जातीच्या इंजिनात तेलाचा वेगळा साठा नसतो, गाळणीही नसते. पेट्रोलातच तेल मिसळलेले असते. ते मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या बंद कोठीत, म्हणजे क्रँककेसमध्ये येते. पिस्टन खाली येताना तिथे दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे कोठीत जे काही पडलेले असेल, पाणी, गंजाची पूड, किड्यांची घरटी, ते पहिल्या फेऱ्यांतच बेअरिंगांवरून फिरते आणि मग सिलिंडरच्या भिंतीवर घासले जाते. शिवाय रिंगा गंजाने चिकटलेल्या असतील तर जोराची किक त्यांचे तुकडे करते. किकचे दाते तुटतात ते वेगळेच.

म्हणून आधी पूर्वेतिहास. गाडी कशी थांबली हा पहिला प्रश्न. चालता चालता तापून धरली, की चांगली चालत असताना उभी केली? पहिल्या प्रकारात पिस्टनचे अॅल्युमिनियम सिलिंडरला चिकटलेले असते, दुसऱ्या प्रकारात केवळ गंज. दोहोंचे उपचार वेगळे. काकूंचे उत्तर निःसंदिग्ध होते. "गाडी बिघडली म्हणून ठेवली नाही रे. ह्यांचे गुडघे बिघडले म्हणून ठेवली." या एका वाक्याने अर्धी चिंता मिटली. दुसरा प्रश्न, उभी कुठे होती? शेडच्या भिंतीपलीकडे आंघोळीचा बंब होता. दमटपणा बाराही महिने.

मग नुसत्या डोळ्यांनी पाहणे. इंजिनाच्या पंखांपैकी दोन तुटलेले, तेलाचे जुने ओघळ, क्रँककेसवरचा क्रमांक काजळीखाली पण शाबूत. तो रॉकेलने पुसून कागदावर उतरवून घेतला आणि गाडीच्या पुस्तकातील क्रमांकाशी ताडला. जुळला. याचे महत्त्व पुढे येईल.

गिअरपेटीचे तेल सोडताना भांडे स्वच्छ घ्यावे आणि पहिल्या धारेकडे लक्ष ठेवावे. पाणी जड म्हणून तळाशी बसते आणि आधी बाहेर पडते. आमच्या भांड्यात प्रथम दोन-तीन चमचे पाणी आले आणि मागोमाग दुधाळ कॉफीच्या रंगाचे तेल. बोटांत चोळून पाहिले, कच लागली नाही. दाते झडलेले नसावेत असा अंदाज बांधला आणि पुढे तो खरा ठरला.

प्लग काढल्यावर जे भोक मिळते ते १४ मिलिमीटरचे. कान तपासण्याचे यंत्र इथे इतके चपखल बसते की जणू त्यासाठीच केले असावे. आत पिस्टन मधल्या उंचीवर थांबलेला दिसला आणि त्याच्या माथ्यावर सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे लालसर कडे. धुराच्या दोन्ही नळ्या उतरवून पुढच्या भोकांतून पाहिले तेव्हा उलगडा झाला. अण्णांनी गाडी शेवटची बंद केली तेव्हा पिस्टन नेमका अशा जागी थांबला की धूर जाण्याची वाट अर्धवट उघडी राहिली. सायलेन्सरमधून जवळजवळ तीस पावसाळ्यांची ओल सरळ सिलिंडरमध्ये जात राहिली. चार बोटे वर थांबला असता तर पिस्टनच्याच अंगाने ती वाट झाकली असती. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी आजच दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडांत आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात तेलाने भिजवलेली चिंधी घट्ट बसवावी. बाकीचे वाचन नंतर केले तरी चालेल.

जाम सोडवण्यासाठी मी ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारींत घालतात ते लाल तेल आणि अॅसिटोन समभाग घेतले आणि प्लगच्या भोकातून व धुराच्या वाटांतून थोडे थोडे सोडले. अॅसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. हे काम उघड्यावर, दिवसा आणि बंबापासून लांब करावे. रोज संध्याकाळी दोन चमचे घालायचे, बाकी काही करायचे नाही, असे दहा दिवस. नातवाला हे फार जड गेले. अकराव्या दिवशी क्रँकच्या उजव्या टोकाला, डायनॅमोच्या बाजूने, पाना लावून अगदी हलका जोर दिला. सुईच्या टोकाएवढी हालचाल झाली. तिथून पुढे मागे-पुढे, मागे-पुढे. पूर्ण फेरा मात्र घेऊ दिला नाही. वरच्या बाजूला गंजाचे कडे होते आणि पिस्टन वर गेला असता तर रिंगा त्यावर घासल्या असत्या. त्याऐवजी डोके उघडले. त्याचे नट एकदम एक न सोडता समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा सोडत गेलो. मग सिलिंडरच वर उचलून घेतला. सिलिंडर वर जातो तेव्हा पिस्टन त्याच्या तुलनेने खाली सरकतो आणि रिंगा गंजापासून दूर जात बाहेर पडतात. एकही रिंग तुटली नाही.

पिस्टनच्या माथ्यावर आणि डोक्याच्या आत काजळीचा थर होता. ती खरवडण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत विकले जात होते. १९९४ मध्ये थांबलेल्या इंजिनातील काजळीत शिशाचे क्षार असणारच. म्हणून ती कोरडी खरवडू नये. तेलाने ओली करून, हातमोजे घालून, पितळी किंवा लाकडी पट्टीने काढावी आणि कचरा बंद डब्यात टाकावा. तसेच त्या काळच्या ब्रेकच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असे. चाकाच्या ढोलातील धूळ हवेच्या झोताने उडवण्याची गॅरेजमधील सवय घातक आहे. ती ओल्या फडक्यानेच पुसावी. पेट्रोलने हात धुण्याविषयी तर आपण रोग्यांना सांगतोच, पण स्वतः गाडीपाशी बसलो की विसरतो.

पिस्टनच्या माथ्यावर ५० हा आकडा कोरलेला होता. याचा अर्थ सिलिंडर पूर्वी अर्धा मिलिमीटर वाढवून घेतलेला, म्हणजे व्यास ६५.५० मिलिमीटर. अण्णांनी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर तरी त्यावर नक्कीच काढले असतील. आता प्रश्न गंजाच्या खड्ड्यांचा. होनिंगच्या दगडाने हलके घासून पाहिले तेव्हा बरेचसे डाग गेले. धुराच्या वाटांच्या वरच्या काठापाशी मात्र नखाला लागतील असे चार-पाच खड्डे उरले. व्यास वरच्या, मधल्या आणि खालच्या पातळीवर, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजला. सिलिंडर मधे थोडा लंबवर्तुळाकार झाला होता. पुढचा टप्पा, ६५.७५, घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते.

इथपर्यंत कोणाचा मतभेद नव्हता. मतभेद झाला तो खालच्या भागावरून, आणि माझ्या मते या साऱ्या कामातील खरा निर्णय तोच होता. कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढून पाहावा. डाव्या-उजव्या बाजूला तो थोडा हलतो, हलायलाच हवा. पण वर-खाली किंचितही हालचाल असता कामा नये. कानाला काही ऐकू आले नाही, पण बोटांना 'टक्' असे जाणवले. नाडी पाहणाऱ्या बोटांनी तरी ते जाणवायलाच हवे. कोठीच्या तळाशी चमचाभर तांबूस पाणीमिश्रित तेल होते. त्यात क्रँकच्या खालच्या रोलरांचा काही भाग वर्षानुवर्षे बुडून राहिलेला.

ज्या मिस्त्रीच्या हातांवर माझा विश्वास आहे त्याचा सल्ला होता, "डॉक्टरसाहेब, वरचं काम करून घ्या. बोअर, पिस्टन, रिंगा, सील. क्रँक उघडायला गेलात तर पैसा पण जाईल आणि महिना पण जाईल." दुसरा एकजण म्हणाला, भंगारात याच घडणीचे पूर्ण इंजिन मिळते, तेच बसवा. दुसरा मार्ग सरळ बाद होता. इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर ठोकलेला असतो आणि तोच गाडीच्या कागदांत असतो. कोठी बदलली की गाडीची ओळखच बदलते. ज्या गाडीचे मोल ती कोणाची होती यात आहे, तिचे हृदय बदलून ती तीच आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय भंगारातील इंजिनाचा पूर्वेतिहास कोण सांगणार? पहिला सल्ला मात्र तितका सहज झटकण्यासारखा नव्हता. तो अनुभवाचा होता, आणि खर्च काकूंचा होता.

मी काकूंना जसे आहे तसे सांगितले. वरचे काम केले तर गाडी चालू होईल, कदाचित दोन वर्षे छान चालेल, कदाचित दोन महिने. खालची बेअरिंग गेली तर ती अगोदर खडखडाट करून सूचना देईल, पण नव्या मुलाच्या कानाला ती कळेलच असे नाही. रोग्याच्या नातेवाइकांना आपण शक्यता सांगतो तसेच ते झाले. काकूंनी विचारले, "तुझ्या मुलाला चालवायला द्यायची असती तर काय केलं असतंस?" क्रँक उघडायचे ठरले.

या बाबतीत बेळगावात राहण्याचा फायदा सांगितला पाहिजे. ओतकाम आणि यंत्रकाम यांसाठी हे शहर फार पूर्वीपासून नावाजलेले. उद्यमबागेत लेथवर आयुष्य घातलेली माणसे आहेत. जावाचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चकत्या आणि मधली पिन प्रेसवर दाबून एकत्र बसवलेल्या असतात. तो सोडवायचा, नवी पिन, नवे रोलर आणि नवा रॉड घालून पुन्हा दाबायचा आणि मग दोन टोकांवर तोलून डायल गेजखाली फिरवायचा. काटा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांपेक्षा जास्त हलला तर तांब्याच्या हातोडीने एका चकतीवर ठोका द्यायचा, पुन्हा फिरवायचा. ज्या कारागिराने हे केले तो वयाने माझ्याएवढाच. त्याने सहा ठोक्यांत क्रँक सरळ केला आणि सातवा मारायला हात उचलून तसाच खाली ठेवला. शस्त्रक्रियेत कुठे थांबावे हे ज्यांना कळते त्यांच्याविषयी आपल्याला जो आदर वाटतो, तो मला तिथे वाटला. उघडलेली जुनी पिन त्याने माझ्या हातावर ठेवली. तिच्या एका बाजूला देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडलेले होते. मिस्त्रीही ती पाहून काही बोलला नाही.

सिलिंडर बोअर करताना नवा पिस्टन आधी हातात असावा लागतो. पिस्टनवर छापलेल्या मापावर विसंबून भोक पाडायचे नसते. प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याला लागेल तेवढी मोकळीक ठेवायची असते. या व्यासाच्या, हवेने थंड होणाऱ्या ओतीव लोखंडी सिलिंडरला साधारण ०.०६ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. कमी ठेवली तर तापल्यावर फुगलेला पिस्टन धरतो, जास्त ठेवली तर आपटतो. रिंगांच्या टोकांमधील फट सिलिंडरमध्ये घालून फिलर गेजने पाहिली, पाव मिलिमीटरच्या आसपास आली. दोन ठोक्यांच्या पिस्टनवर रिंगांच्या खाचेत बारीक खुंटी असते. रिंगेचे टोक फिरून धुराच्या वाटेत अडकू नये म्हणून ती योजना आहे. रिंगा त्या खुंट्यांवर बरोबर बसल्या आहेत हे पाहिल्यावाचून सिलिंडर खाली उतरवू नये.

आता सीलांकडे वळू. मला विचाराल तर या जातीच्या इंजिनाचे आयुष्य पिस्टनपेक्षा या दोन रबरी कड्यांवर अवलंबून असते. कोठी हवाबंद असेल तरच मिश्रण दाबले जाते आणि वर चढते. डाव्या बाजूचे सील गेले तर कोठी प्राथमिक साखळीच्या पेटीतले तेल ओढून घेते. पांढरा धूर येतो, प्लग ओला होतो आणि गिअरपेटीतील तेल बाहेर कुठेही न गळता कमी होत जाते. हा त्रास दिसतो तरी. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचे सील गेले तर मात्र कोठी हवा ओढते. मिश्रणात पेट्रोल कमी, त्याबरोबर तेलही कमी, आणि उष्णता जास्त. गाडी काही दिवस उलट जरा जास्तच चपळ वाटते आणि मग घाटाच्या चढावर पिस्टन धरतो. जुन्या गाड्यांना नवे पिस्टन घालूनही ते पुन्हा पुन्हा धरतात, त्यामागे पुष्कळदा हेच निघते.

सील टिकते की नाही हे पाहण्याचे साधन आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर आहे. सिलिंडर आणि डोके बसवून झाल्यावर धुराच्या दोन्ही वाटा रबर आणि पट्ट्या लावून बंद केल्या, कार्ब्युरेटरच्या जागी रबरी बूच बसवले आणि त्यातून नळी काढून ती रक्तदाबमापकाच्या फुग्याला व डायलला जोडली. पिस्टन अशा जागी ठेवला की वरखालच्या साऱ्या वाटा एकमेकींना उघड्या राहतील. मग दाब २५० मिलिमीटरपर्यंत चढवला. नातू घड्याळ घेऊन बसला होता. अर्ध्या मिनिटात काटा शंभरावर आला. साबणाचे पाणी लावत गेलो तेव्हा उजव्या सीलच्या ओठाशी बुडबुडे दिसले. सील नवे होते, पण क्रँकच्या दांड्यावर जुन्या सीलने घासून आणि गंजाने खाऊन एक बारीक खाच पडली होती आणि नव्या सीलचा ओठ नेमका त्या खाचेवर बसत होता. उद्यमबागेतील त्याच कारागिराने सांगितल्याप्रमाणे सील मिलिमीटरभर आत ढकलून बसवले, ओठ गुळगुळीत जागेवर आला. पुन्हा दाब दिला. तीन मिनिटांनी काटा २४० वर होता. इंजिनाचा रक्तदाब २५० आल्यावर आनंद होण्याचा प्रसंग माझ्या व्यवसायात पहिलाच.

बाकीचे काम भराभर झाले. पॉइंट घासून त्यांतील फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवली, कंडेन्सर आणि प्लगची वायर नवी घातली, सहा व्होल्टची बॅटरी आणली. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा लाखेसारखा थर होता. जेटच्या भोकात तार कधीही घालू नये, पितळ मऊ असते आणि भोक मोठे होते. टाके घालायच्या नायलॉनच्या दोऱ्याने ते स्वच्छ निघाले. टाकीतील गंज काढला आणि पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. या नळ्यांबाबत थोडे अधिक लक्ष द्यावे. आपल्याकडील पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने फुगते आणि चिरते, शिवाय ते हवेतील पाणी शोषते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवणे इष्ट.

२०२४ च्या दिवाळीनंतरच्या एका सकाळी, लिटरला ५० मिलिलिटर तेल मिसळून, गाडीला पहिली किक मारली. नेहमीचे प्रमाण ४० मिलिलिटर, म्हणजे पंचविसास एक. नव्या बोअरला सुरुवातीला थोडे अधिक. पाचव्या किकला इंजिन बोलले. जोडणीच्या वेळी लावलेले तेल जळेपर्यंत परसात धूर मावेना. तीन मिनिटांत बंद केले, पूर्ण थंड होऊ दिले, डोक्याचे नट पुन्हा आवळले. असे तीनदा. काकू मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "थांबून थांबून वाजते ती. ह्यांची थांबत नव्हती." मंदगती किंचित वाढवली, मग मान्यतादर्शक मान हलली.

पहिल्या ८०० किलोमीटरांसाठी मी नातवाला लेखी पथ्य दिले होते. ताशी ४५ च्या वर नाही, घाट नाही, मागे कोणी बसणार नाही, दर पंधरा मिनिटांनी विश्रांती. ३०० किलोमीटरांवर प्लग काढून पाहिला. टोक बिस्किटाच्या रंगाचे होते. पांढरे असते तर हवा जास्त, काळे आणि ओले असते तर तेल जास्त. ८०० पूर्ण झाल्यावर दाबाची परीक्षा पुन्हा घेतली आणि काटा पहिल्याइतकाच टिकला. गिअरपेटीचे पहिले तेल काढून टाकून नवे भरले. काढलेल्या तेलात पाणी नव्हते.

कागदपत्रांचे काम अद्याप चालू आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये असे तेव्हा ठरवण्यात आले. पण तशी नोंदणी केली तर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. काकूंच्या अटीत ते बसते का, यावर घरात चर्चा चालली आहे. दरम्यान हॉर्न मात्र अजून वाजत नाही. सहा व्होल्टचा, त्याच घडणीचा, चालू स्थितीतील हॉर्न कोणा वाचकाच्या शेडमध्ये पडून असेल तर त्यांनी संस्थेच्या कार्यालयात निरोप ठेवावा.